दोरा, पट्टी आणि गोट्या: लंबक, तरफ आणि टक्कर घरच्या घरी मोजायची कशी

शाळेत लंबकाचा प्रयोग केला तेव्हा माझा जी (गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा, खरा ९.८१ च्या आसपास) १०.९ आला होता. आम्ही दोघं पार्टनर, दोघांनी गणित तीन-तीनदा तपासलं, सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर आणि तरी १०.९. शेवटी वहीत ९.७ लिहून मोकळे झालो. चूक कुठे होती हे खूप वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर हसूच आलं, कारण गोळा सोडताना आम्ही "एक" म्हणत होतो. म्हणजे वीस म्हणेपर्यंत झोके झालेले असायचे एकोणीस. आता २० भागिले १९ चा वर्ग करून बघा, १.१०८ येतो, त्याने ९.८१ ला गुणा, झाले १०.९. पृथ्वीचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की लंबक, तरफ, टक्कर या तिन्ही गोष्टींत सूत्रं कुणाला अडवत नाहीत, माणूस अडतो तो "कुठून कुठपर्यंत मोजायचं" इथे. म्हणून खाली सूत्रं कमी आहेत आणि मोजायचं कसं हे जास्त आहे. सामान काही विशेष नाही: बारीक पण न ताणणारा दोरा, बोल्टचे दोन-चार नट, ३० सेमीची पट्टी, एकाच प्रकारची आठ-दहा नाणी, गोट्या किंवा लाकडी मणी, थोडी चिकणमाती (मुलांची खेळायची क्ले पण चालते), चिकटपट्टी आणि मोबाइलचा स्टॉपवॉच.

आधी लंबक

दोऱ्याच्या टोकाला नट बांधला की झाला लंबकाचा गोळा, पण दोरा वर खिळ्याला गुंडाळू नका. ही पहिली चूक, जवळपास सगळेच करतात. गोळा झुलतो तसा दोरा खिळ्याभोवती थोडा गुंडाळला जातो, थोडा उलगडतो आणि लांबी प्रत्येक झोक्यात बदलत राहते. त्यापेक्षा दोरा दोन सपाट गोष्टींच्या मध्ये चिमटीत पकडल्यासारखा दाबून टाका, दोन पट्ट्या रबरबँडने आवळल्या तरी बास, आणि त्या टेबलाच्या कडेला पुढे आलेल्या ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. आता दोरा जिथून बाहेर पडतो तो एकच बिंदू, तिथून लांबी सुरू.

संपते कुठे? गाठीपाशी नाही, नटच्या खालच्या टोकालाही नाही, तर नटच्या मध्याशी. समजा गाठीपर्यंत ८० सेमी मोजलं आणि मध्य त्याच्या दीड सेमी खाली असला तर जी जवळपास दोन टक्के कमी येणार, आणि तुम्ही हवेच्या विरोधाला शिव्या देत बसणार.

आता बाजूला ओढा, पण फार नाही. ८० सेमी दोऱ्याला १४ सेमी ओढलं की साधारण १० अंश होतात, तेवढं पुरे. धक्का द्यायचा नाही, नुसतं सोडायचं. गोळा सरळ रेषेत न जाता लंबवर्तुळात फिरायला लागला तर तो झोका मोजत बसू नका, थांबवा आणि परत सोडा, यात कंटाळा केला की आकडे बिघडतात.

मोजायला सुरुवात टोकाला करू नका, तळाशी करा. हे उलटं वाटतं कारण टोकाला गोळा क्षणभर थांबतो ना, मग तिथेच सोपं पडणार असं वाटतं, पण थांबतो म्हणूनच तर घोळ आहे, नक्की कधी थांबला ते डोळ्याला कळतच नाही. तळाशी तो सगळ्यात वेगात असतो, मागे एक उभी रेघ काढून ठेवली की रेघ ओलांडली तो क्षण स्वच्छ दिसतो. पहिल्यांदा रेघ ओलांडली की स्टॉपवॉच सुरू आणि तोंडाने "शून्य". मग त्याच दिशेने परत रेघ ओलांडेल तेव्हा "एक". त्याच दिशेने हे महत्त्वाचं, नाहीतर अर्धे झोके मोजाल आणि जी चौपट येईल (ते निदान लगेच लक्षात तरी येतं, एकोणीस-वीसवाली चूक लक्षातच येत नाही).

वीस झोके का, एक का नाही? बोटाची चूक सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद धरा. ८० सेमीचा एक झोका १.८ सेकंदांचा, त्यात ०.२ म्हणजे ११ टक्के. वीस झोक्यांचे ३६ सेकंद, त्यात तेच ०.२ म्हणजे अर्धा टक्का. आणि सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून वेळेतली टक्क्यांची चूक जी मध्ये दुप्पट होऊन येते. लांबीची चूक मात्र जेवढ्यास तेवढी. म्हणजे जीव लावायचा तर वेळेला लावा.

हिशोब असा: जी म्हणजे ३९.४८ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग. (३९.४८ म्हणजे पायचा, म्हणजे π = ३.१४ चा, वर्ग करून त्याला चारने गुणलेलं.) ८० सेमीला वीस झोके ३५.९ सेकंदांत झाले तर एक झोका १.७९५, वर्ग ३.२२, वर ३१.५८, उत्तर ९.८. इतकं चांगलं पहिल्याच फटक्यात येत नाही, ९.६ ते १० च्या मध्ये आलं तरी खूश व्हा.

नटचा मध्य नीट सापडत नसेल तर एक युक्ती आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते: मध्य शोधायचाच नाही. दोन वेगळ्या लांब्या घ्या, समजा ४० आणि ९०, दोन्ही गाठीपर्यंतच मोजा, दोन्हींच्या वेळेचे वर्ग काढा आणि वजाबाकी करा. लांबीतला फरक बरोबर ५० सेमीच आहे, मध्य गाठीच्या किती खाली आहे ते दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे वजाबाकीत उडून जातं. वर्गांचा फरक २.०१ च्या आसपास यायला हवा, आणि ३९.४८ गुणिले अर्धा मीटर भागिले २.०१ म्हणजे ९.८२.

वजनाने फरक पडत नाही हेही करून बघा, पण सांभाळून. बरेच लोक एका नटखाली दुसरा नट बांधतात, मध्य खाली सरकतो, झोका हळू होतो आणि मग "जड गोळा हळू झुलतो" असा शोध लागतो. दुसरा नट पहिल्याच्या शेजारी, त्याच उंचीवर बांधा. झोपाळ्यावर बसलेलं मूल उभं राहिलं की झोका जलद होतो ते याचंच उलटं, वजन तेवढंच पण मध्य वर गेला.

झोका मोठा असो की छोटा, वेळ सारखाच लागतो असं आपण शिकतो, ते अर्धंच खरं आहे. गॅलिलिओने १६०२ मध्ये एका पत्रात हे मांडलं होतं आणि त्याला ते मोठ्या झोक्यांनाही लागू वाटत होतं. प्रत्यक्षात १० अंशांना वेळ ०.२ टक्के जास्त लागतो, ३० ला १.७ टक्के, ६० ला ७ टक्के, आणि दोरा आडवा करून ९० अंशांवरून सोडला तर तब्बल १८ टक्के. मोबाइलवर सहज पकडता येतो हा फरक. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेव्हा त्याला हीच डोकेदुखी होती.

आणि जी सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर ९.७८ तर ध्रुवांवर ९.८३. हेही आधी लंबकानेच सांगितलं. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तिथे त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं आणि सेकंदाचा लंबक (एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेणारा) जेमतेम पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. एवढ्याशा फरकावरून पुढे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे ही गोष्ट पक्की होत गेली. तेव्हा आपल्या दीड सेमीच्या गाठीला हलक्यात घेऊ नका.

तरफ, थोडक्यात

तरफेचं गणित आर्किमिडीजच्या काळापासून, म्हणजे इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकापासून तेच आहे: टेकूच्या एका बाजूचं बल गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर बरोबर दुसऱ्या बाजूचं बल गुणिले अंतर. दोन नाणी ५ सेमीवर, एक नाणं दुसऱ्या बाजूला १० सेमीवर, समतोल. इतकंच.

पण करायला गेलात की पट्टी पेन्सिलीवर ठेवून नाणी वर मांडता आणि ती काही केल्या समतोल राहत नाही, एकदा या बाजूला धप्प, एकदा त्या बाजूला. तुमचा हात थरथरत नाहीये. वजन टेकूच्या वर असलं की जरा कललं तरी ते आणखी कलायलाच मदत करतं. उपाय म्हणजे पट्टी लटकवा. पट्टीभोवती दोऱ्याचं सैल कडं करून ती टांगा आणि नाणी चिकटपट्टीने दोऱ्याला लावून पट्टीच्या खाली लोंबती ठेवा, पट्टी आपोआप स्थिरावते. तराजूची पारडी खाली लोंबती ठेवतात त्यातही हा फायदा आहे.

अंतर नाण्याच्या मध्यापासून (इथे लोंबत्या दोऱ्यापासून) टेकूपर्यंत, कडेपासून नाही. आणि पट्टीला स्वतःचं वजन असतं हे विसरायचं नाही! टेकू बरोबर मध्यावर असेल तेव्हा ते वजन गप्प बसतं, टेकू जरा सरकला की बोलायला लागतं. त्याचा फायदा घेऊन पट्टीचंच वजन काढता येतं. कडं १० सेमीच्या खुणेवर सरकवा. पट्टीचा मध्य १५ वर, म्हणजे पट्टीचं सगळं वजन टेकूपासून ५ सेमीवर एकवटल्यासारखं काम करतं. आता दुसऱ्या बाजूला, २ सेमीच्या खुणेपाशी, म्हणजे टेकूपासून ८ सेमीवर, नाणी टांगत जा. तीन नाण्यांवर समतोल झाला तर पट्टीचं वजन ३ गुणिले ८ भागिले ५, म्हणजे ४.८ नाणी. बरोबर समतोल येत नसेल तर नाणी न बदलता दोरा थोडा पुढेमागे सरकवा, अंतर बदलणं सोपं असतं. काटा नसताना वजन काढायची ही माझी नेहमीची पद्धत आहे.

अंतराबद्दल अजून एक, आणि हे पाना फिरवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. अंतर म्हणजे पान्याची लांबी नाही, बल ज्या रेषेत लागतं त्या रेषेचं टेकूपासूनचं लंब अंतर. २५ सेमीच्या पान्याला काटकोनात ओढलं तर पूर्ण २५ सेमी मिळतात, ४५ अंशांत तिरकं ओढलं तर १७-१८ सेमीच, आणि पान्याच्याच दिशेने ओढलं तर शून्य, कितीही जोर लावा. बोल्ट निघत नाही म्हणून पान्यावर पाइप चढवायच्या आधी हात काटकोनात आहे का ते बघा, पाइपने बोल्टचं डोकं तुटतं (अनुभव आहे).

टेकू मध्ये, भार मध्ये, बल मध्ये हे तीन प्रकार पाठ करण्यात मला फार अर्थ वाटत नाही, कोणाचं अंतर जास्त ते बघितलं की झालं. पहारीने दगड उचलताना टेकू दगडापासून १० सेमीवर आणि हात टेकूपासून १ मीटरवर असला तर जोर दहापट, पण दगड १ सेमी उचलायला हात १० सेमी खाली न्यावा लागतो, फुकट काही नाही. उलट चिमट्यात किंवा आपल्या हातात जोर मुद्दाम घालवलेला असतो. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण ४ सेमीवर जोडलेला, तळहात ३२ सेमीवर, म्हणजे हातात ५ किलो धरलेत तर स्नायू ४० किलोचा ताण सोसतो, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. बदल्यात स्नायू जरासा आखडला की हात आठपट अंतर जातो. जोर देऊन वेग घेतलाय.

टक्कर, आणि यात लंबक परत येतो

टक्कर जमिनीवर गोट्या सोडून करू नका. गोट्या घरंगळतात, स्वतःभोवती फिरतात, वेग मोजायला काही साधन नाही, सगळा वैताग. टक्करीसाठी सगळ्यात भारी साधन म्हणजे दोन लंबक शेजारी शेजारी. प्रत्येक गोटी दोन दोऱ्यांनी, वरून व्ही आकारात टांगा म्हणजे ती एकाच रेषेत झुलते, इकडेतिकडे भरकटत नाही. दोऱ्यांची लांबी सारखी, शांत असताना दोन्ही गोट्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या, दोघींचे मध्य एका उंचीवर. गोटीला दोरा चिकटवणं हे कंटाळवाणं काम आहे, भोक असलेले लाकडी मणी मिळाले तर अर्धा तास वाचेल.

लंबकच का? कारण वेग मोजायला स्टॉपवॉच लागतच नाही. गोळा त्याच्या शांत जागेपासून सरळ रेषेत किती लांब ओढलाय तेवढं मोजा, तळाशी येताना त्याचा वेग त्या अंतराच्या बरोबर प्रमाणात असतो. वर्तुळाच्या वक्र वाटेने मोजायचं नाही, उंचीही नाही, दोन जागांमधलं सरळ अंतर, म्हणजे भूमितीतली जीवा. आणि ही गोष्ट छोट्या झोक्यापुरतीच नाही, मोठ्या झोक्यालाही अचूक लागू पडते. लंबक १ मीटरचा असेल (व्हीमध्ये लांबी म्हणजे वरच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून सरळ खाली गोळ्याच्या मध्यापर्यंत) तर दर सेमी ओढण्यामागे ३.१३ सेमी प्रति सेकंद वेग. २० सेमी ओढलं तर साधारण ६३ सेमी प्रति सेकंद. टक्करीनंतर गोळा दुसऱ्या बाजूला जिथपर्यंत जातो ती जीवा मोजली की नंतरचा वेग पण हातात. मोबाइलने स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि मागे पट्टी ठेवा, काम सोपं होतं.

दुसरा फायदा असा की छोटे झोके सारख्याच वेळात होतात, त्यामुळे दोन गोळे वेगवेगळ्या अंतरांवरून एकदम सोडले तरी बरोबर तळाशीच भेटतात.

वेग सेमी प्रति सेकंदात बदलायचीही गरज नाही, जीवेच्या सेमीतच सगळा हिशोब करा. दोन खाती ठेवायची. एक संवेगाचं: वजन गुणिले जीवा, आणि दिशेची खूण सकट, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. दुसरं गतिज ऊर्जेचं: वजन गुणिले जीवेचा वर्ग, यात खूण राहत नाही. संवेगाचं खातं प्रत्येक टक्करीत जुळतंच जुळतं. ऊर्जेचं खातं टणक गोळ्यांमध्ये जवळजवळ जुळतं, चिकट गोळ्यांमध्ये गळतं.

सारख्या वजनाच्या दोन गोट्या, एक शांत, दुसरी २० सेमीवरून सोडली. सोडलेली जागच्या जागी थांबते आणि शांत बसलेली निघून जाते. आदर्श असेल तर ० आणि २०, प्रत्यक्षात १ आणि १९ सारखं काहीतरी. या दोन आकड्यांवरूनच गोट्या किती टणक आहेत ते कळतं: नंतरच्या दोन जीवांमधला फरक भागिले आधीची जीवा, १८ भागिले २०, म्हणजे ०.९. न्यूटनने हेच प्रयोग दहा फुटी लंबकांवर केले होते, हवेचा विरोध वजा करून, आणि १६८७ मध्ये छापलेले त्याचे आकडे आहेत काचेला १६ पैकी १५, घट्ट आवळलेल्या लोकरीला ९ पैकी ५. घरच्या काचेच्या गोट्यांनी तुम्हीही त्याच्या जवळ जाल. लंबक करायचा कंटाळा असेल तर चेंडू फरशीवर टाका, किती उसळला भागिले किती उंचीवरून टाकला त्याचं वर्गमूळ हाच आकडा देतं. टेनिसच्या नियमाप्रमाणे साधा चेंडू २५४ सेमीवरून टाकला की १३५ ते १४७ सेमी उसळायला हवा, म्हणजे ०.७३ ते ०.७६. जुना चेंडू लगेच पकडला जातो.

आता मध्ये चिकणमातीचा छोटा गोळा लावा. दोघी चिकटून एकत्र जातात, १० सेमीपर्यंत. संवेग आधी २०, नंतर १० अधिक १०, जुळला. ऊर्जा आधी ४००, नंतर १०० अधिक १००, अर्धी गायब. ती माती चेपण्यात आणि थोडीशी उष्णता होण्यात गेली. मग दोन्हीकडून २० वरून सोडा. दोघी भेटतात आणि ठप्प. इथे हमखास कोणीतरी म्हणतं की संवेग ४० होता तो शून्य झाला. नव्हता हो, अधिक २० आणि उणे २० होता, आधीपासूनच शून्य.

मला सगळ्यात मजा वाटते ती हलका गोळा जड गोळ्यावर आपटतो त्यात. जड तिप्पट वजनाचा घ्या, दोन्ही टणक. हलका २० वरून सोडला तर तो १० सेमी मागे उडतो आणि जड १० सेमी पुढे जातो. आता जडाचा संवेग बघा, ३ गुणिले १०, म्हणजे ३०. आणला होता २०, जडाला मिळाला ३०! यात जादू नाही, हलक्याचा स्वतःचा उणे १० झालाय, बेरीज वीसच. ऊर्जा: आधी ४००, नंतर १०० अधिक ३ गुणिले १००, तीही जुळली. उलट जड २० वरून हलक्यावर सोडा, जड १० ने पुढे चालत राहतो आणि हलका ३० पर्यंत उडतो, मारणाऱ्यापेक्षा दीडपट वेगाने. जड कितीही वाढवला तरी हलक्याला दुपटीपेक्षा जास्त वेग मिळत नाही.

ओळीत पाच चेंडू टांगलेलं खेळणं सगळ्यांनी पाहिलंय, दोन सोडले की पलीकडून दोनच उडतात. एकच दुप्पट वेगाने का उडत नाही? संवेगाला ते चाललं असतं, १ गुणिले २ हे २ गुणिले १ एवढंच. पण ऊर्जेच्या खात्यात १ गुणिले ४ विरुद्ध २ गुणिले १, म्हणजे चार आणि दोन, आणि जास्तीची ऊर्जा आणणार कुठून.

कोणतं खातं कधी वापरायचं हे चुकलं की काय होतं ते बॅलिस्टिक लंबकात दिसतं. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग असा मोजला की लाकडाचा जड ठोकळा टांगला, त्यात गोळी रुतवली आणि ठोकळा किती झुलला ते बघितलं. आपण मातीचा गोळा हाताने फेकायचा, छर्‍याची बंदूक वगैरे आणायची नाही, छर्रा उलटा येऊन डोळ्यात बसतो. पुठ्ठ्याचा खोका, आत कापड आणि माती, चार दोऱ्यांनी टांगलेला, लांबी १ मीटर, वजन ४५० ग्रॅम. मातीचा गोळा ५० ग्रॅमचा, आत फेकला, रुतला, आणि खोका जीवेने १९ सेमी सरकला. म्हणजे टक्करीनंतर लगेच वेग १९ गुणिले ३.१३, साधारण ६० सेमी प्रति सेकंद. एकूण वजन ५०० ग्रॅम, गोळ्याच्या दहापट, म्हणून गोळा ६ मीटर प्रति सेकंदाने आला होता. झालं.

इथे हुशार माणसं सरळ ऊर्जा लावतात: खोका इतका वर चढला, तेवढी ऊर्जा गोळ्यानेच आणली असणार. उत्तर येतं १.९ मीटर प्रति सेकंद, तिपटीपेक्षा जास्त चूक. कारण गोळ्याने ०.९ ज्यूल आणली होती आणि झुलायला उरली ०.०९, नव्वद टक्के माती चेपण्यातच गेली. रुततानाच्या क्षणाला संवेग, रुतल्यावर वर चढताना ऊर्जा, दोन टप्पे वेगळे ठेवा. खोका गुळगुळीत झुलायच्या ऐवजी गोल फिरला तर फेक मध्यावर बसली नाही असं समजा, तो आकडा टाकून द्या.

तिन्ही एकत्र

पट्टी गुळगुळीत टेबलावर सपाट ठेवा. १५ च्या खुणेवर, म्हणजे मध्यावर, पट्टीला काटकोनात टिचकी मारा, पट्टी सरळच्या सरळ सरकते. आता २० वर टिचकी मारा आणि शून्याच्या टोकाकडे लक्ष ठेवा. ते टोक पहिल्या क्षणी हलतच नाही, जणू तिथे खिळा आहे आणि पट्टी त्याभोवती फिरतेय. ३० च्या टोकाला मारलं तर स्थिर बिंदू १० वर येतो आणि शून्याचं टोक उलट मारणाऱ्याच्या दिशेला येतं. पट्टीवर टिचकी कुठे बसली यावर टेकू कुठे तयार होतो ते ठरतं.

शून्याच्या टोकापासून २० सेमी म्हणजे लांबीचा दोन तृतीयांश. आता एक मीटरची काठी टोकाला टांगून लंबकासारखी झुलवा, वीस झोके मोजा (शून्यापासून!). एक झोका १.६४ सेकंदांचा येईल, जो ६७ सेमीच्या दोरा-गोळ्याच्या लंबकाचा असतो, परत दोन तृतीयांश. हे दोन आकडे जुळणं योगायोग नाही. टांगलेल्या वस्तूएवढ्याच वेळात झुलणाऱ्या साध्या लंबकाची जी लांबी, तेवढ्या अंतरावर मारलं की टांगलेल्या जागेला हिसका बसत नाही.

बॅटवर हे वापरता येतं. बॅट मुठीत जिथे धरता तिथे, वरच्या हाताच्या जागी, दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून किंवा दोऱ्याच्या आडव्या कड्यात टांगून हलकी झुलवा. वीस झोक्यांवरून एका झोक्याची वेळ काढा, तिचा वर्ग करा, २५ ने गुणा, सेमीत उत्तर येतं. समजा झोका १.६ सेकंदांचा आला, वर्ग २.५६, गुणिले २५, म्हणजे ६४. चिमटीच्या जागेपासून खाली ६४ सेमीवर बॅटवर खडूने रेघ मारा. आता बॅट तशीच टांगलेली ठेवून रेघेवर, मग रेघेच्या वीस सेमी वर, मग अगदी खालच्या टोकाला चेंडूने हलकेच ठोकून बघा, चिमटीतल्या बोटांना तिन्ही वेळा वेगळं जाणवेल. रेघेच्या वर ठोकलं की मूठ चेंडू ढकलतो त्या दिशेने जाते, खाली ठोकलं की उलटी येते, आणि रेघेवर जवळजवळ काहीच नाही. जरा मागेपुढे वाटलं तर बहुतेक चिमटी जिथून मोजलं तिथे नाहीये, परत मोजा.